मामाची गळफांदी

वाशीमच्या बाहेर, अनसिंगकडे जाणाऱ्या रस्त्याला, अरुणपल्लव नावाचं निरीक्षणगृह आहे. नावावरून वाटावं, आत कोवळी पालवी फुटत असेल, सकाळचं ऊन तिच्यावर लोळत असेल. प्रत्यक्षात आत एक कडुनिंब आहे. त्याला कमरेपर्यंत चुना फासलाय आणि बुंध्यावर लिहिलंय, 'मला तोडू नका'. आतल्या एका पोरानं त्याखाली खडूनं 'मला पण' असं लिहून ठेवलं होतं. त्या पोराचा टीव्ही दोन दिवस बंद झाला आणि हस्ताक्षर सुंदर असल्याचा शेरा मिळाला.

आसपासच्या गावांत त्याला अरुणपल्लव कोणी म्हणत नाही. सुधारघर म्हणतात. "कुठी गेलता?" "सुधारघरी." एवढ्यावर विचारणाऱ्याला सगळं कळतं आणि तो पुढचं विचारत नाही. पुढचं तो घरी जाऊन बायकोला विचारतो.

अंजनाचा लखन दीड महिन्यापासून तिथं होता. अंजना वाशीमकडच्या मालेगावजवळची, अर्ध्या एकरात मेथी, कोथिंबीर आणि वांगी घेऊन बाजारात बसणारी. नवरा नथ्थू ट्रकवर. आज इंदूरला, तर उद्या कुठं ते त्यालाही माहीत नसायचं. तिच्या वावराला लागूनच, फूटभर धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, पलीकडे, थोरल्या भावाचं, जानरावचं, चार एकर पऱ्हाटीचं वावर. लखन त्या धुऱ्यावर वाढला. भूक लागली की अलीकडे, लाड हवे असले की पलीकडे. जूनमध्ये त्यानं आणि गावातल्या दोन मोठ्या पोरांनी एका विहिरीवरची मोटारीची केबल कापून नेली. मोठे दोघं पळाले. ठाण्यात विचारलं, "कोणी कापली?" तर हा सोळा वर्षांचा पोट्टा म्हणाला, "म्या." इतका सरळ जबाब तिथं बऱ्याच वर्षांत आला नव्हता, त्यामुळे सगळ्यांनाच संशय आला.

आता ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात बाल न्याय मंडळापुढे तारीख होती. अरुणपल्लवचा अहवाल चांगला गेला तर लखन घरी येणार. वाईट गेला तर 'विशेष पुनर्वसन कार्यक्रम', म्हणजे आणखी तीन महिने तेच कडुनिंब. अंजनाला कायद्यातलं एवढंच कळत होतं, आणि तेवढं पुष्कळ होतं.

जुलैच्या चौथ्या शनिवारी ती भेटीला गेली तेव्हा फाटकाशी नवी पाटी लागली होती. 'पालकांसाठी सूचना'. भेटीची वेळ वीस मिनिटं. घरचं अन्न आणू नये. पालकांनी हसतमुख असावे. रडून बालकाच्या पुनर्वसनात अडथळा आणू नये. पाटीशेजारी थर्माकोलचं मोठं लाल बदाम उभं केलं होतं, त्यावर 'माझं बाळ सुधारतंय!' तिथं उभं राहून फोटो काढायचा. बाळाचा फोटो काढायला कायद्यानं मनाई असल्यामुळे बदामात पालकांनी एकट्यानंच उभं राहायचं होतं.

अंजनाला सवय होती, रोपं लावताना हात चालू असला की तोंडही चालायचं. जे दिसेल त्याची ओवी व्हायची. फाटकाशी उभ्या उभ्या ती पुटपुटली,

सुधारघराच्या भिंतीले, निळा रंग, पांढरी पाटी
हासून भेटा म्हने मायले, रडू ठेवा दाराच्या पाठी

"काय म्हन्लं ताई?" फाटकावरच्या रामधननं विचारलं. रामधन अनसिंगचा. घरी तीन एकर, इथं खाकी शर्ट आणि शिट्टी.

"काई नाई भाऊ. हासून राह्यली."

"हासा. नियमच हाये."

आत सेवा भरपूर होत्या. संगणक प्रशिक्षण होतं. संगणक दुरुस्तीला गेला होता, पण माऊस राहिला होता, आणि पोरं आळीपाळीनं तो धरायला शिकत होती. ध्यानधारणा होती, डोळे मिटल्यावर कोणी झोपत नाही ना हे बघायला एक शिक्षक डोळे उघडे ठेवून बसे. आणि परसबाग होती. तपासणीला वरून समिती येणार म्हणून बाजारातून मेथीच्या जुड्या आणून मातीत ओळीनं खोचल्या होत्या. समितीनं फोटो काढले. लखन मेथीतच जन्मलेला. तो मागून म्हणाला, "सर, सुतळी तं सोडा." त्या दिवशी त्याच्या कागदावर शेरा पडला, 'बालकास बागकामाची आवड नाही'.

भेटीच्या खोलीत एक टेबल, अलीकडे आई, पलीकडे लेक. बाजूला समुपदेशक योगिनी मॅडम नोंदवही घेऊन, आणि दाराशी रामधन. योगिनी पुण्याकडची, मे महिन्यातच रुजू झालेली. पोरगी वाईट नव्हती. तिच्याकडे चार रंगांची पेनं होती आणि ती चारही वापरायची.

"जेवला का?" अंजनानं विचारलं.

"जेवलो."

"काय होतं?"

"आलू."

"अन् काल?"

"आलूच. पन कालच्यात पानी जास्त होतं."

अंजना नियमाप्रमाणे हसली. लखनची मान बारीक झाली होती, शर्टाच्या कॉलरमधून ती दांडीसारखी वर आलेली. तिनं तिकडे पाहायचं टाळलं, कारण रडण्याची जागा फाटकाबाहेर होती.

"आई, मामाच्या गळफांद्या कापल्या का व?"

"नाई अजून."

"काहून? चाळीस दिवस होऊन गेले ना! कोवळ्या हायेत तवाच बुडातून कापा लागते. जून झाल्या का कैची चालत नाई."

"तुहा मामा घाबरते. म्हनते, मन होत नाई."

"मागल्या साली दोन तास कापले तवा काय झालं? उभ्यानं पाहत राह्यला अन् मंग गावभर सांगत फिरला."

"तू ये, मंग तूच काप. तवरोक मी कोनाले हात लावू देत नाई."

"एका दिवसात साफ करतो पाह्य सगळं," लखन म्हणाला, आणि दीड महिन्यात पहिल्यांदा त्याचा चेहरा उजळला.

ज्यांच्या घरी पऱ्हाटी नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. कपाशीच्या झाडाला बुडाशी दोन-चार फांद्या सरळ वर निघतात. त्या खातात पुष्कळ आणि बोंडं देत नाहीत. त्या गळफांद्या. झाड दीड महिन्याचं होण्याच्या सुमाराला त्या बुडातून कापल्या की झाडाचा जोर फळफांद्यांकडे जातो. हे लखननं मोबाइलवर पाहिलं होतं, आणि मागच्या वर्षी मामाची मिनतवारी करून दोन तासांवर, म्हणजे पिकाच्या दोन ओळींवर, करून दाखवलं होतं. त्या दोन ओळी कापसानं पांढऱ्या झाल्या तेव्हा मामानं गावाला ते असं सांगितलं, जणू कैची त्यानंच शोधून काढली.

योगिनीच्या घरी पऱ्हाटी नव्हती. तिथं गॅलरीत तुळस होती. तिनं निळ्या पेनानं ऐकायला सुरुवात केली आणि लाल पेनानं संपवलं.

पंधरा दिवसांनी अंजना आली तेव्हा रामधननं तिला फाटकातच थांबवलं. "ताई, आज आंधी हापिसात. तुमच्या भावालेबी बोलावलं."

ऑफिसात जानराव बसलेला. धुतलेली टोपी, गळ्यात दुपट्टा, मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबारा.

"दादा, तू कायले?"

"कागद आला ना. 'संभाव्य पीडित' म्हनून हजर राहा. पीक इम्याचं असन. पीडित म्हन्ल्यावर नुकसानीचंच असते." त्यानं पिशवी थोपटली. "सातबारा आनला. पासबुकबी आनलं."

योगिनी समोर येऊन बसली. डोळ्यांखाली काळं आलं होतं. या केसनं तिची झोप घेतली होती. तिनं फार मायेनं विचारलं, "काका, मोकळेपणानं सांगा. लखनची भीती वाटते का तुम्हाला?"

जानरावनं विचार केला. मॅडम शिकलेली, विमा तिच्या हातात. खोटं बोलून चालणार नव्हतं.

"आता तुमी विचारलंच तं, वाटते थोडी. हात लय चालते त्याचा. कैची हाती आली का मांगं-पुढं पाहत नाई."

लाल पेन चालू झालं. "मागच्या वर्षी दोन तास तुम्ही सहन केलंत?"

"दोनच देल्ले म्या. तो तं दहा मांगत होता."

पेन थांबलं. योगिनीनं पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला. "आणि या वर्षी?"

"औंदा म्हन्लं, कर बाबा. चारी एकर कर. आपलं वय झालं, आता त्यायचा जमाना हाये."

"काका," योगिनी पेन खाली ठेवून म्हणाली, "तुम्ही एकटे नाही आहात."

"नाई ना, हे बहीन हाये ना संगं," जानराव म्हणाला, आणि सातबारा पुढे केला. "याची झेराक्स लागन का?"

अंजना आतापर्यंत एकदा भावाकडे, एकदा मॅडमकडे पाहत होती. "मॅडम," ती म्हणाली, "तुमच्या वहीत काय लिवलं ते एकडाव वाचून दाखोता का?"

नियमात बसत नव्हतं, पण योगिनीनं वाचलं. "'बालकाने भेटीत मामाचा गळा कापण्याविषयी वारंवार विचारणा केली. त्यासाठी गळफांदी हा सांकेतिक शब्द वापरला जातो. कोवळे असतानाच बुडातून कापावे, असे त्याचे मत आहे. मागील वर्षी सलग दोन तास असा प्रयत्न झाला. मामाने गावात सांगितले, परंतु गावाने दुर्लक्ष केले. आईने, तू आल्यावर तूच काप, असे म्हणून प्रोत्साहन दिले.'"

अंजनानं पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. योगिनीला वाटलं बाई रडते आहे. मग पदराआडून हसू फुटलं, असं की थांबेना, डोळ्यांत पाणी आलं तरी थांबेना. इतकं हसण्याचा नियम पाटीवरही नव्हता.

"दादा, अरे, तुहा गळा!" तिला बोलता येईना. "तुहा गळा कापून राह्यला म्हने लखन!"

"माहा?" जानरावनं टोपी काढली. "अन् इमा?"

मग अंजनानं सांगितलं. झाड कसं, बूड कुठं, फांदी कुठली, कापायची कशी. टेबलावरच्या फुलदाणीत प्लॅस्टिकचं फूल होतं, त्यावर दाखवलं. योगिनीचा चेहरा आधी पांढरा झाला, मग कानापर्यंत लाल.

दाराशी रामधन खाकरला. "खरं हाये मॅडम. माह्याबी वावरात परवाच कापल्या. झाड कसं मोकळं होते."

"तुम्ही त्या दिवशी इथंच होतात ना? मग बोलला का नाहीत?"

"मले कोनी विचारलं नाई. अन् नियम नंबर नऊ, सुरक्षारक्षकानं भेटीतलं बोलनं ऐकू नये."

योगिनीनं वही मिटली. "ताई, माझी चूक झाली. मी आत्ताच साहेबांना सांगते."

अधीक्षक मदनसिंग साहेब चूक ऐकून घेणाऱ्यांपैकी नव्हते. ते शांतपणे आले, शांतपणे बसले आणि म्हणाले, "चूक कुठे आहे? अहवाल बुधवारीच मंडळाकडे गेला. त्यावर जावक क्रमांक पडला. जावक क्रमांक पडलेल्या कागदात चूक नसते."

"सर, पण तो शब्द शेतीतला आहे."

"ऐका तर. बालक दाखल झाला तेव्हा भाषा काय होती? गळा कापायची. आज काय आहे? फांद्या कापायची. दोन महिन्यांत! याला काय म्हणतात?"

"गळफांदी," रामधन म्हणाला.

"याला पुनर्वसन म्हणतात, रामधन. दार बघ." साहेबांच्या डोळ्यांत चमक आली. "विभागाची यशोगाथांची स्पर्धा आहे. 'आम्ही मनाच्या गळफांद्या कापतो.' वा! पाटीच करू."

तासाभरात कागद छापून आला. अंजनाला साहेबांनी स्वतः वाचून दाखवला. 'माझ्या मुलाच्या मनात सख्ख्या मामाचा गळा कापण्याचा विचार होता. अरुणपल्लव येथील सेवांमुळे तो विचार समूळ नाहीसा झाला. मी समाधानी आहे.' खाली आईची सही. त्याखाली संभाव्य पीडिताची, 'आता भीती वाटत नाही' या शब्दांपुढे. त्याखाली बालकाची.

"हा कागद गेला की गुरुवारी पोरगं तुमच्या घरी," साहेब म्हणाले. "नाही गेला तर मंडळापुढे फक्त पहिला अहवाल आहे. मग तीन महिने. कदाचित जास्त. मी काही जबरदस्ती करत नाही, बाई. पुनर्वसन ऐच्छिक असतं."

"पन साहेब, असा इच्यार नव्हता त्याचा."

"म्हणूनच तर गेला ना लवकर."

जानराव तिच्या कानाशी वाकला. "दे माय सही करून. माहाच गळा हाये, मीच म्हनतो. पोरगं घरी येऊ दे. कागदाचं काय, कागद उधई खाते."

अंजनानं पेन घेतलं. बचत गटात तीन अक्षरं शिकली होती, अंजना, आणि ती तीन अक्षरं आजवर तिनं चांगल्याच कामासाठी वापरली होती. तिला लखनची मान आठवली, कॉलरमधून दांडीसारखी वर आलेली. तिनं कागदावर पेन टेकवलं. 'अ'चा गोल झाला.

"बालकाला बोलवा," साहेब म्हणाले, "त्याचीही होऊन जाऊ दे."

लखन आला. मामाला बघून त्याचं तोंड खुललं. "मामा! वावर कसं हाये?"

"चांगलं हाये बे. तुही वाट पाहून राह्यलं."

त्याच्या हातात कागद दिला. दहावीत गेलेला पोरगा. त्यानं तो ओठ हलवत वाचला, मग पहिल्यापासून पुन्हा वाचला.

"हे मी केलं नाई."

"केलं कुठे म्हटलंय?" साहेब समजुतीनं म्हणाले. "विचार होता, एवढंच म्हटलंय."

"इच्यारबी नव्हता. केबल म्या कापली. ते लिवा. भाईर पाटीवर लिवा पाहिजे तं, जाड अक्षरात. पन हे नाई."

"लखन," अंजना म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, "बाबू, कर ना. तीन महिने लय असते रे. घर खायाले उठते माहं. सायंकाळी दोन भाकरी जास्तीच्या होते, रोज होते. हात ऐकतच नाई."

तो टेबलापाशी आला. इतरांसमोर आईशी बोलायची त्याला लाज वाटत होती, म्हणून तो कागदाकडे बघून बोलला.

"आई, तू सही केली का हे खरं होते. गावाचं सोड. मामाच्याच मनात येईन एखांद्या दिवशी. मी कैची घेऊन मांगं वाकून राहीन, अन् मामा उगाच वळून पाहीन. एकडावच पाहीन. पन मले दिसन ते."

"अरे हट्!" जानराव मोठ्यानं म्हणाला. "मी पाहीन वळून? तुह्याकडं? पागल झाला का तू?"

पण हे म्हणताना त्याचा हात आपसूक गळ्याकडे गेला होता. दुपट्टा सारखा करायला गेला असेल. दुपट्टा सारखाच होता. ते अंजनानं पाहिलं, लखननं पाहिलं, योगिनीनं पाहिलं, आणि शेवटी जानरावनं स्वतः पाहिलं. त्यानं हात खाली घेतला आणि मांडीखाली दाबून बसला.

अंजनानं पेनाला टोपण लावलं. टोपण बसायला वेळ लागला.

"साहेब," ती म्हणाली, "ते 'अ' काढलं चुकून. खोडून टाका."

मदनसिंग साहेबांनी सुस्कारा सोडला. कागद वाया गेला होता, स्पर्धाही. त्यांनी फाइल उघडून बालकाच्या नावापुढे लिहिलं, 'सहकार्य करत नाही'. त्या इमारतीत दोन महिन्यांत ज्याला सुधारणा म्हणता येईल अशी जी एकच गोष्ट घडली, तिची नोंद ही अशी झाली. रीतसर, तारखेसह.

परतीच्या एसटीत बहीण-भाऊ शेजारी बसले. जानराव खिडकीबाहेर बघत होता, दोन्ही हात मांडीवर, शिक्षा केल्यासारखे. अंजना स्वतःशीच गुणगुणली, गाडीच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार नाही अशी,

नाव लिवता लिवता, थांबला माहा हात
लेकराच्या खऱ्यापाई, लांबली घरची वाट

गुरुवारी मंडळापुढे नाव पुकारलं तेव्हा तिनं आपलं मन तीन महिन्यांवर नेऊन ठेवलं होतं. नोव्हेंबर. कापूस वेचणीला आलेला असेल, मेथीचे दोन तोडे झालेले असतील. तिनं त्यासाठी लखनचा जाड शर्टही आणला होता.

मंडळात न्यायाधीश मॅडम आणि दोन सदस्य. मॅडमनी पहिला अहवाल वाचला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. मग त्यांनी दुसरा कागद उचलला. तो योगिनीनं आदल्या दिवशी स्वतः आणून दिला होता, साहेबांना न विचारता. छापील नमुन्यात चूक कबूल करायला रकाना नव्हता. तिनं 'इतर' या रकान्यात लिहिलं होतं आणि ते तिथं न मावल्यामुळे समासात चढवलं होतं. 'गळफांदी हा कपाशीच्या झाडाचा भाग आहे आणि तास म्हणजे पिकाची ओळ. मला हे शब्द माहीत नव्हते आणि मी कोणालाही विचारलं नाही. बालकानं मामाविषयी एकही वाईट शब्द उच्चारलेला नाही. खोट्या कागदावर सही करून घरी जायची संधी त्याला मिळाली होती. त्यानं ती घेतली नाही.'

एकच पेन वापरलं होतं, निळं.

मॅडम आधी हसल्या. मग शेवटचं वाक्य आलं तेव्हा हसायच्या थांबल्या आणि लखनकडे पाहिलं. "केबल तू कापलीस?"

"हो."

"आणि हे?"

"नाई."

"बरं." त्या सदस्यांशी हळू बोलल्या. मग म्हणाल्या, "आईच्या ताब्यात द्या. पंधरा दिवसांनी हजेरी."

अंजनाला उभं राहावं की बसावं कळेना. तेवढ्यात बाजूचे कारकून उठले. सभ्य माणूस, नाकावर चष्मा. "मॅडम, पण पहिला अहवाल रेकॉर्डवर आहे. दुसऱ्यानं तो रद्द होत नाही, नुसता सोबत राहतो. उद्या कोणी विचारलं तर?"

उद्या कोणी विचारलं तर, या चार शब्दांवर कित्येक कचेऱ्या उभ्या आहेत. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग खबरदारी म्हणून आदेशात एक ओळ वाढली. 'पुढील तीन महिने बालकाने श्री. जानराव यांच्यापासून किमान पन्नास मीटर अंतर राखावे.'

जानराव मागून उठला. "पन मॅडम, आमचा धुरा फूटभर हाये."

"पुढच्या तारखेला अर्ज करा," मॅडम म्हणाल्या, जरा वरमून. "तोवर पाळा."

बाहेर ऊन होतं. लखनच्या हातात त्याची पिशवी, अंगावर घरून आलेला शर्ट, जाड, या दिवसांत न शोभणारा. अंजनानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, मग पाठीवरून, मग दंडावरून, बाजारात माल तपासावा तसा. जानराव पायरीवरच उभा राहिला.

"ये ना दादा."

"थांब. पन्नास मीटर म्हंजे किती पावलं रे लखन?"

"साठ-पासष्ट असन."

जानरावनं लखनच्या हातातली पिशवी काढून घेतली, कारण मामा असताना भाचा ओझं वाहतो हे काही बरोबर नव्हतं, आणि पावलं मोजत पुढे निघाला. पासष्टाव्या पावलाला थांबून वळला. ओरडला, "आता?"

"आता ठीक हाये!"

असे ते तिघं स्टँडकडे निघाले. पुढे पिशवी घेतलेला मामा, मागे मायलेक. अधूनमधून मामा वळून ओरडायचा, "पोराले भूक लागली का इच्यार!" अंजना शेजारी वळून विचारायची आणि पुढे ओरडायची, "लागली म्हनते!" मामा टपरीवर थांबायचा, भजी घ्यायचा, पुडा एका ओट्यावर ठेवायचा आणि पुढे सरकायचा. मग हे दोघं ओट्यापाशी पोचून पुडा उचलायचे. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, या घरात मोठं भांडण झालेलं दिसतं.

"कांदा हाये का पाह्य त्यात!" दुरून आवाज आला. "नसन तं परत जातो!"

"हाये मामा!" लखन भजी तोंडात असतानाच ओरडला.

स्टँडवर मालेगावची गाडी लागलेली होती. तिथं मात्र पंचाईत झाली. एसटी कितीही ताणली तरी पन्नास मीटर होत नाही.

"तुमी जा," चौकशीच्या खिडकीपासून जानराव ओरडला. "मी मांगच्यानं येतो."

"मांगची गाडी दोन घंट्यानं हाये दादा!"

"असू दे. बसतो इथंच."

"मामा, तुमी जा ना, आमी थांबतो!"

"बस बे गाडीत! मोठा आला कायदा शिकवनारा."

कंडक्टरनं घंटी दिली. लखन मागच्या सीटवर गुडघ्यांवर बसला, लहान पोरं बसतात तसा, मागच्या काचेला तोंड लावून. अंजनानं त्याला खाली बस म्हटलं नाही. फलाटाच्या टोकाशी जानराव पिशवी छातीशी धरून गाडीकडे पाठ करून उभा होता. आदेश म्हणजे आदेश. गाडी स्टँडच्या फाटकातून बाहेर पडली, रस्त्याला लागली. त्याचे ओठ हलत असावेत, पावलं मोजताना हलतात तसे. मग एकदम तो गर्रकन वळला आणि पिशवीसकट दोन्ही हात वर करून हलवायला लागला, टोपी पडेपर्यंत.